अंदाज वाचायचा तो निर्णयासाठी: मुंबईच्या पावसात साइट, गोदाम आणि सोसायटीचं काम कसं आखावं

हवामान विभागाच्या पत्रकात ‘उद्या तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस’ असं लिहिलेलं असतं. ‘उद्या स्लॅब टाकू नका’, ‘खालच्या रॅकवरचा माल उचला’, ‘सकाळची पाळी अर्धीच बोलवा’ असं त्यात कधीच नसतं. ते आपल्यालाच लिहावं लागतं, आणि तेही एप्रिल-मेमध्ये, शांत डोक्याने. पाऊस धो धो पडायला लागला, फोन वाजायला लागले की माणूस समोर दिसेल ते करतो. कुठल्या आकड्याला काय करायचं हे आधी कागदावर असेल, तर त्या रात्री फक्त कागद वाचायचा आणि कामाला लागायचं.

आधी कामांची यादी, मग अंदाज

बहुतेक जण उलटं करतात. चार अॅप उघडतात, ढगांची चित्रं बघतात आणि मग ‘बघू काय होतं ते’ म्हणतात. त्याऐवजी एक कागद घ्या आणि पावसाने, वाऱ्याने किंवा उन्हाने अडणारी आपली कामं लिहा. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी हव्यात: ते नेमकं कशाने अडतं, थांबवायचं किंवा वाचवायचं तर किती तास आधी कळायला हवं, त्याला खर्च किती, आणि शेवटचा शब्द कोणाचा.

उदाहरणार्थ, स्लॅब. रिमझिम पावसाने त्याचं फार बिघडत नाही. पहिल्या चार-सहा तासांत जोराची सर आली तर मात्र वरचं सिमेंट धुऊन जातं आणि खडी उघडी पडते. आरएमसीची, म्हणजे प्लांटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटची, ऑर्डर आदल्या संध्याकाळी बदलता येते; गाडी प्लांटमधून निघाल्यावर बदलायला गेलात तर पैसे गेलेच. म्हणून स्लॅबचा निर्णय आदल्या दिवशी संध्याकाळी ६ ला. गोदामातला माल उचलायला दोन तास आणि सहा हमाल लागतात, पण रात्री ९ नंतर हमाल मिळत नाहीत. म्हणजे त्याचा निर्णयही संध्याकाळचाच, मग पाणी पहाटे येवो की दुपारी. कर्जत, कसारा, विरारहून येणारा माणूस पहाटेच घर सोडतो. त्याला ‘येऊ नका’ हा निरोप रात्रीच मिळायला हवा. सकाळी साडेसातला पाठवलेला मेसेज तो ठाण्यात अडकून वाचतो. हजेरीपटात प्रत्येकाच्या नावापुढे स्टेशन आणि लाइन लिहून ठेवा. मध्य बंद आणि पश्चिम चालू असे दिवस येतात, तेव्हा हा रकाना सोन्यासारखा उपयोगी पडतो.

चौथा रकाना बहुधा रिकामा राहतो. सुपरवायझरला वाटतं मालक ठरवेल, मालकाला वाटतं साइटवरचा माणूस बघून घेईल. नाव एकच लिहा, आणि तो फोन उचलत नसेल तर दुसरं कोण, तेही लिहा.

हंगामाचा अंदाज कुठे वापरायचा, कुठे नाही

एप्रिलच्या मध्याला आणि पुन्हा मेच्या अखेरीस देशाचा मान्सून सरासरीच्या किती टक्के, हे जाहीर होतं. ती सरासरी जून ते सप्टेंबरसाठी अख्ख्या देशाची, ८७ सेंटीमीटर. त्यातला ‘१०६ टक्के’ हा आकडा तुमच्या गल्लीत पाणी भरणार की नाही याबद्दल काहीच सांगत नाही. मुंबईत चार महिन्यांत सांताक्रूझला सरासरी २,३०० मिमीच्या वर आणि कुलाब्याला २,००० मिमीच्या वर पाऊस पडतो. कमी पावसाच्या वर्षातही पाणी तुंबवायला एक दुपार पुरते.

हंगामाच्या आखणीला खरी उपयोगी पडते ती तारखांची तफावत. मुंबईत मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२३ मध्ये तो २५ जूनला आला आणि २०२५ मध्ये २६ मेला. तब्बल एका महिन्याचा फरक. म्हणून जे काम पावसाआधी संपलंच पाहिजे, त्याची तारीख लवकरच्या टोकावरून मागे मोजा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पत्र्यांची दुरुस्ती, आवारातल्या गटाराची सफाई, पंपांची चाचणी यांना १५ मे ही अखेरची तारीख धरा. गच्चीवर पाणी साठवून गळती तपासायची असेल तर ते दिवसही त्यातच बसवा. ११ जून धरून चालणाऱ्यांची २०२५ मध्ये धावपळ झाली, कारण मेच्या शेवटच्या आठवड्यात ताडपत्र्या अजून दुकानातच होत्या.

जे काम पाऊस आल्याशिवाय सुरू होत नाही, त्याला उशिराचं टोक धरा. पाणीकपात त्यातलीच. मुंबईला पाणी पुरवणारे मोठे तलाव शहराबाहेर ठाणे-नाशिककडच्या डोंगरांत आहेत. दादरला पूर आला तरी भातसाच्या पाणलोटात पाऊस नसेल तर कपात टळत नाही. २०२३ मध्ये १ जुलैपासून १० टक्के कपात लागू झाली, तीही शहरात पाऊस सुरू झालेला असताना. क्युरिंगचं (ताजं काँक्रीट ओलं ठेवायचं) पाणी, कँटीन, टँकर यांचं गणित जुलैच्या मध्यापर्यंत पुरेल असं करा.

जुलैत मुंबईत वीसहून जास्त दिवस पावसाचे असतात. बाहेरच्या रंगकामाला जुलैत एकही दिवस धरू नका. ठेकेदार ‘उघडीप मिळाली की उरकतो’ म्हणेल, पण ओल्या भिंतीवर मारलेला रंग दिवाळीपर्यंत सुटतो.

दर गुरुवारी हवामान विभाग पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यात तारीखवार पाऊस नसतो, पण पुढचा आठवडा सरासरीपेक्षा ओला की कोरडा, हे कळतं. मोठा स्लॅब कुठल्या आठवड्यात घ्यायचा, दुरुस्तीची माणसं कधी बोलवायची, एवढ्यापुरता तो वापरा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या भरवशावर पैसे अडकवू नका.

पत्रकातल्या शब्दांना आकडे आहेत

‘मुसळधार’, ‘अतिमुसळधार’ हे शब्द ढोबळ वाटतात, पण त्यांच्या मागे ठरलेली मापं आहेत. चोवीस तासांत १५.६ ते ६४.४ मिमी म्हणजे मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार, त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ ५१ ते ७५, आणि ‘बहुतांश ठिकाणी’ त्याहून जास्त केंद्रांवर. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ आणि ‘बऱ्याच ठिकाणी मुसळधार’ यांत फार अंतर आहे. पहिल्यात तुमची जागा सापडण्याची शक्यता चारात एक किंवा कमी. दुसऱ्यात निम्म्याहून जास्त. बातमीत हे विशेषण बऱ्याचदा गळून पडतं आणि नुसतं ‘मुसळधार’ उरतं. मूळ पत्रकच वाचा.

रंगांचंही तसंच. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा. रंग ठरवताना पाऊस किती याबरोबर तो होण्याची शक्यता आणि त्याचा परिणाम हेही पाहिलेलं असतं. जुलैत यलो दिवसांमागून दिवस चालू असतो, म्हणून यलोला वेगळी कृती ठेवू नका; ती तुमची रोजची पावसाळी शिस्त समजा. आणि रंग दिवसभरात बदलतो. सकाळी वाचलेला यलो दुपारी ऑरेंज झालेला असू शकतो, म्हणून निर्णयाच्या वेळी पुन्हा बघायचा.

आणखी एक हमखास होणारी चूक: पेपरात छापलेला चोवीस तासांचा पाऊस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा मोजलेला असतो. मंगळवारी रात्री कोसळलेला पाऊस बुधवार सकाळच्या आकड्यात येतो. मध्यरात्र ते मध्यरात्र मोजलेल्या आपल्या आकड्याशी त्याची तुलना केलीत तर अंदाज चुकला असं उगाच वाटेल.

आणि मुंबई म्हणजे एक जागा नव्हे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७४. ५ ऑगस्ट २०२० ला नेमकं उलटं: ६ तारखेच्या सकाळपर्यंत कुलाब्याला ३३१.८ आणि सांताक्रूझला १६२.३ मिमी. तुमची जागा मुलुंडला असेल तर कुलाब्याच्या आकड्यावरून काहीही ठरवू नका. महापालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापकं शहरभर आहेत आणि त्यांचे ताजे आकडे आपत्ती व्यवस्थापनाच्या संकेतस्थळावर दिसतात. जवळची दोन केंद्रं निवडा. त्यांतलं एक शक्यतो पाणी ज्या बाजूने तुमच्याकडे वाहत येतं, त्या बाजूचं असू द्या. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. कुर्ल्यात बसलेल्याने पवईचा पाऊस बघितला तर त्याला हातात वेळ मिळतो.

पाऊस किती यापेक्षा किती वेळात, आणि तेव्हा समुद्र कुठे

दिवसभरात १०० मिमी झिरपत पडला तर मुंबईला फारसं काही होत नाही. तासाभरात ६० मिमी पडला तर सबवे बंद होतात. कारण सरळ आहे. जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिमीसाठी, तेही ओहोटी असताना, बांधलेली होती. मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानंतर जिथे कामं झाली तिथे ती क्षमता तासाला ५० मिमीवर नेली. याहून वेगाने पाऊस आला की पाणी रस्त्यावर थांबणारच.

त्यात भरती. शहरातली बरीच पातमुखं, म्हणजे नाले समुद्राला मिळतात ती तोंडं, समुद्राच्या पातळीच्या जवळपास किंवा खाली आहेत. मोठी भरती असताना समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून दारं लावावी लागतात आणि पावसाचं पाणी पंपाने बाहेर टाकावं लागतं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध ही उदंचन केंद्रं (पंपिंग स्टेशनं) त्यासाठीच आहेत. महापालिका दर पावसाळ्याआधी ४.५ मीटरवरच्या भरत्यांची यादी जाहीर करते. ती छापून भिंतीवर लावा. हा आकडा सागरी नकाशाच्या पायारेषेपासून, म्हणजे साधारण सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून, मोजलेला असतो; ४.७५ मीटर भरती म्हणजे रस्त्यावर पावणेपाच मीटर पाणी असा अर्थ नाही.

यादी नुसती पाहू नका, तिची चाल समजून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे तीन-चार दिवस उधाणाचे, आणि बहुधा तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठी भरती. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पावसाळ्यातल्या मोठ्या भरत्या बहुतेक सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत येतात. २०२५ मधली ४.७५ मीटरची भरती २६ जूनला दुपारी १२:५५ ला होती. म्हणजे गाड्या, माल आणि माणसं हलवायची ती सकाळी १० च्या आत.

यादीतली वेळ हे टोक असतं. भरतीनंतरच्या पहिल्या तासात पाणी एकूण चढ-उताराच्या बाराव्या हिश्शाइतकंच उतरतं आणि दोन तासांनीही जेमतेम पाव भाग. आधीचे दोन तासही तसेच. म्हणून ‘१२:५५’ ला ‘११ ते ३’ असं वाचा. त्या चार तासांत पाऊस जोराचा असेल तर तुंबणार असं धरून चाला. त्याआधी किंवा नंतर तेवढाच पाऊस आला तर निचरा होण्याची बरीच आशा असते. जोराचा नैर्ऋत्य वारा असेल तर समुद्र यादीतल्या आकड्याहूनही वर जातो.

किती शक्यतेला हालचाल करायची: एक भागाकार

एखाद्या कामाचा बचाव करायचा खर्च किती, आणि न केल्यास टळू शकणारं नुकसान किती, हे दोन आकडे काढा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. नुकसानीची शक्यता या उत्तराहून जास्त असेल तर हालचाल करायची, कमी असेल तर करायची नाही.

समजा, गोदामातला खालच्या रॅकवरचा माल वर चढवायला हमाली आणि ताडपत्री धरून ६,००० रुपये लागतात. पाणी शिरलं तर १,२०,००० चा माल भिजतो. भागाकार ०.०५, म्हणजे वीसात एक. पाणी शिरण्याची शक्यता वीसात एकापेक्षा जास्त वाटली तरी माल उचलायचा. इथे ऑरेंजची वाट पाहायची गरज नाही. यलो आणि ४.५ मीटरची भरती एकाच दिवशी आली की पुरे.

आता स्लॅब. पुढे ढकलला तर मजुरी, काँक्रीट पंपाचं भाडं, सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा) अडकून पडणं असं मिळून समजा ८०,००० जातात. धुऊन गेला तर दुरुस्तीला २,००,०००. भागाकार ०.४. म्हणजे जोराच्या सरीची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त असेल तेव्हाच ढकलणं परवडतं. नुसत्या यलोवर रोज ढकलत बसलात तर जुलैभर स्लॅबच होणार नाही.

इथेच एक महत्त्वाची गोष्ट आहे. त्याच स्लॅबसाठी पूर्ण क्षेत्र झाकेल एवढा प्लास्टिक कागद, तो दाबायला बांबू आणि चार माणसं तयार ठेवलीत, तर सर आली तरी नुकसान निम्म्यावर येतं. मग भागाकार ०.८ होतो आणि अंदाज थोडाफार चुकला तरी काम अडत नाही. अंदाज अचूक करणं आपल्या हातात नाही. त्याच्यावर कमी अवलंबून राहणं आहे. पंप, ताडपत्री, पॅलेट, उंबरा ही त्यासाठीची स्वस्त साधनं.

माणसाच्या जिवाला हा भागाकार लावायचा नाही. खोदलेल्या खड्ड्यात माणसं उतरवणं, पाणी भरत असताना मीटर रूममध्ये जाणं, वादळी वाऱ्यात क्रेन किंवा परांचीवर चढवणं हे लक्षण दिसताच थांबवायचं. तिथे ‘अजून थोडं बघू’ नको.

मोजमाप स्वतःचं हवं

गच्चीवर एक पर्जन्यमापक ठेवा. बाजारात प्लास्टिकचे साधे मिळतात. १५० मिमी तरी मावेल असा घ्या, नाहीतर भर पावसात तो भरून वाहतो आणि आकडा खोटा पडतो. विकत घ्यायचा नसेल तर वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचा स्टीलचा डबा आणि मिमीची पट्टी चालते. बादली नको. ती वर रुंद आणि खाली अरुंद असते, त्यामुळे पाणी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. डबा कठड्यापासून कठड्याच्या उंचीच्या दुपटीइतका तरी लांब, टाकीच्या आडोशापासून दूर, काठ सपाट आणि दगडांनी पक्का बसवलेला. रोज सकाळी ८:३० ला मोजायचं, लिहायचं, रिकामा करायचा. वॉचमनला एकदा दाखवलंत की तो बिनचूक करतो.

दुसरं मोजमाप गेटच्या खांबावर. दर ५ सेंटीमीटरला ऑइलपेंटची रेघ मारा आणि आकडे टाका. पाणी चढायला लागलं की दर दहा मिनिटांनी एक फोटो. त्यातून पाणी किती वेगाने चढतं हे कळतं, आणि एका हंगामानंतर ‘१० सेंटीमीटरला आलं की २० व्हायला आपल्याकडे किती मिनिटं लागतात’ हे तुम्ही ठामपणे सांगू शकता. रेघांना कृती जोडा. पहिल्या रेघेला पंपाजवळ माणूस, दुसऱ्या रेघेला लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद, पाणी मीटर रूमच्या उंबऱ्याच्या एक रेघ खाली असतानाच वीज कंपनीला फोन.

पंपाचं गणित सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. तळघराचा उतार ४ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब असेल तर उघडी जागा ६० चौरस मीटर. तासाला ६० मिमीच्या पावसात त्यावर ३,६०० लिटर पडतं. एवढं छोटा पंपही ओढतो. पण आवार १,२०० चौरस मीटरचं असेल आणि उताराच्या तोंडाशी उंबरा नसेल, तर त्याच तासात आवारातलं ७२,००० लिटर पाणी उतारावरून खाली यायला बघेल. त्याला कुठलाच सोसायटीचा पंप पुरत नाही. म्हणून आधी उताराच्या तोंडाशी १५ सेंटीमीटरचा चढ बांधायचा, मग पंप घ्यायचा. पंपाच्या पाटीवरचा आकडा कमी उंचीवरचा असतो. पाणी ५ मीटर वर चढवायचं असेल तर त्या उंचीला तो तासाला किती देतो ते दुकानदाराकडून तक्त्यावर बघून घ्या.

ऐन वेळी पंप बहुधा याच कारणांनी फसतात: फूट व्हॉल्व्हला (पाइपच्या पाण्यातल्या तोंडाला) पिशवी चिकटलेली असते, पाणी चढलं की पंप सुरू करणारा फ्लोट स्विच गाळात रुतलेला असतो, वीज गेलेली असते आणि जनरेटरची जोडणी पंपाच्या लाइनवर नसते. सर्वांत वाईट म्हणजे पंपाचा पाइप ज्या गटारात सोडलाय तेच गटार भरतीने तुंबलेलं असतं आणि पाणी गोल फिरून परत आवारात येतं. पाइप रस्त्याच्या वरच्या बाजूला न्या आणि गटाराच्या जोडणीवर पाणी परत येऊ न देणारा झडप-व्हॉल्व्ह बसवा. मेमध्ये चाचणी घेताना सम्पमध्ये (पंपाच्या खड्ड्यात) खरोखर पाणी भरून अर्धा तास पंप चालवा. बटण दाबून घरघर ऐकली म्हणजे चाचणी झाली असं नाही.

आदल्या संध्याकाळपासून

संध्याकाळी ५:३० ला तीन गोष्टी बघा: उद्याचा जिल्ह्याचा रंग आणि पत्रकातलं वाक्य, उद्याच्या भरतीची वेळ आणि उंची, आणि आज सकाळपासून पडलेला पाऊस. तिसरी गोष्ट लोक विसरतात. दोन दिवस झोडपून झालेलं असेल तर जमीन आणि नाले भरलेले असतात आणि एरवी सोसलेल्या पावसातही पाणी चढतं. ६ ला निर्णय, साडेसहाला सगळ्यांना निरोप. निरोप छोटा, तारीख आणि वेळ टाकून. बिनतारखेचा निरोप पुढे-पुढे जात तीन दिवसांनी परत येतो आणि घबराट करतो.

सकाळपासून दर पंधरा मिनिटांचे आकडे बघायचे. सुरुवातीला ही मर्यादा धरा: लागोपाठ दोन वेळा १० मिमीपेक्षा जास्त, म्हणजे अर्ध्या तासात २० च्या वर, आणि भरतीचे चार तास चालू, तर पंपावर माणूस आणि रस्त्यावरच्या गाड्या उंचावर. भरती नसेल तर मर्यादा १५ मिमीची. एका हंगामानंतर तुमच्या वहीवरून हे आकडे बदला.

हवामान विभागाचा तात्कालिक अंदाज पुढच्या तीन तासांसाठी असतो, आणि रडारचं चित्र त्याहूनही जवळचं दाखवतं. चित्रावर वेळ बऱ्याचदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. त्यात साडेपाच तास मिळवा. नाहीतर आत्ताचा ढग सकाळचा समजून सोडून द्याल. एक चित्र बघून काही कळत नाही. दहा-दहा मिनिटांच्या अंतराची दोन-तीन शेजारी ठेवा आणि पट्टा कुठे सरकतोय ते बघा. मान्सूनमध्ये सरी समुद्राकडून येतात. मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतरचा गडगडाटी पाऊस घाटाकडून, ठाण्याच्या बाजूने येतो, आणि त्याच्या पुढे वारा असतो.

फोनवरच्या अॅपमध्ये ‘७० टक्के’ असं दिसतं ते पाऊस पडण्याच्या शक्यतेचं. किती पडेल त्याच्याशी त्याचा संबंध नाही. पाच अॅप बघून मनासारखं सांगणारं निवडायची सवय तर फारच महागात पडते. एकच स्रोत ठरवा आणि हंगामभर तोच धरा, तरच त्याच्या चुका ओळखीच्या होतील.

वारा आणि ऊन

वाऱ्याकडे पावसाइतकं लक्ष जात नाही, पण मेमधली वादळं वाऱ्याने मारतात. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग कोसळलं ते अशाच मान्सूनपूर्व वादळात; १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ समुद्रातून जात असताना कुलाब्याला ताशी १०० किमीपेक्षा जोरात झोत आले. अंदाजातला वाऱ्याचा वेग जमिनीपासून १० मीटर उंचीचा असतो. साठ मीटरवरच्या क्रेनला तो त्याहून जास्त लागतो. क्रेनची मर्यादा तिच्या तक्त्यात असते, तीच पाळा, आणि वर वारामापक बसवा. परांचीवरची हिरवी जाळी वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि सगळी परांची ओढते. वादळाचा इशारा असेल तर ती आधी सोडवून गुंडाळा, पत्रे आणि प्लायवुड खाली आणा.

उन्हाळ्यात किनाऱ्यावर ३७ अंश आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त तापमान गेलं की उष्णतेची लाट धरतात. पण मुंबईत त्याच्या कितीतरी आधी माणूस थकतो. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर अंगाला ४५ च्या पुढचं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये दुपार होईपर्यंत पूर्वेचे वारे राहिले आणि समुद्रवारा उशिरा आला की पारा झपाट्याने चढतो. पत्रकात पूर्वेचे वारे दिसले की जड काम सकाळी ७ ते ११ आणि साडेचारनंतर. दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी, तहान लागो न लागो. गावाहून नव्याने आलेल्या कामगाराला पहिल्या दिवशी २० टक्केच उन्हातलं काम द्या आणि रोज २० टक्क्यांनी वाढवा. आल्या आल्या पूर्ण पाळी दिली की तिसऱ्या दिवशी तो आडवा पडतो.

वही

रोज एक ओळ: तारीख, संध्याकाळी वाचलेला रंग, भरती, घेतलेला निर्णय, आपल्या मापकातला पाऊस, पाणी कुठल्या रेघेपर्यंत, खर्च किंवा नुकसान. कोरड्या दिवशीही लिहायचं, नाहीतर फक्त वाईट दिवस वहीत येतात आणि हिशेब फसतो.

हंगाम संपला की चार ढीग करा. इशारा होता आणि पाणी आलं, इशारा होता पण आलं नाही, इशारा नव्हता तरी आलं, दोन्ही नाही. समजा ऑरेंज किंवा रेड १४ दिवस होता आणि त्यांत ४ दिवस पाणी आलं. म्हणजे तुमच्या जागी त्या इशाऱ्याला साधारण २९ टक्के शक्यता. हा आकडा तुमच्या भागाकाराशेजारी ठेवा. गोदामाच्या ५ टक्क्यांच्या मानाने तो भरपूर आहे. स्लॅबसाठी मात्र ‘पाणी आलं’ ऐवजी ‘जोराची सर आली’ असे दिवस मोजा आणि तो आकडा ४० टक्क्यांशी ताडा. मग पाण्याच्या हिशेबातले भरतीचे दिवस वेगळे काढून बघा. तिथे शक्यता कितीतरी वर गेलेली दिसेल. एका हंगामाच्या चार-पाच घटनांवरून घाईने नियम बदलू नका. दोन-तीन वर्षांची वही झाली की आकडे बोलायला लागतात.

ही वही हमालांना आणि सुपरवायझरलाही दाखवा. चारदा माल उचलला आणि पाणी आलं नाही की पाचव्यांदा सगळे ‘लांडगा आला रे आला’ म्हणतात. वीसात एक या हिशेबाने एकोणीस वेळा फुकट उचलणं ठरलेलंच होतं, हे आधी सांगितलं असेल तर विसाव्या वेळी हात आखडत नाहीत.

मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. सप्टेंबरात चार दिवस कडक ऊन पडलं म्हणून ताडपत्र्या धुऊन ठेवू नका. आणि परतल्याची घोषणा झाली तरी एक पंप जोडलेला आणि गच्चीवरचा मापक जागेवर दिवाळीपर्यंत राहू द्या. ऑक्टोबरच्या संध्याकाळी घाटाकडून येणारी एक सर अर्ध्या तासात उघड्या सिमेंटच्या गोण्या दगड करून जाते.